राखणदाराची साक्ष

“हात वर करायचे का?” वायंगणकर मास्तरांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता केलेसुद्धा.

आम्ही धाड घातली होती. आम्ही म्हणजे दारूबंदी खात्याचा नवा कोरा दुय्यम निरीक्षक मी आणि माझ्या हाताखालचा जवान शिंगटे. जीप नादुरुस्त असल्यामुळे एसटीनं आलो होतो. कंडक्टरनं थांब्यावर घंटी मारून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं, “दारूवाले साहेब, आडबंदर आलं, उतरा!” इतकी ती धाड गुप्त होती. तरीही आरोपी पळाला नव्हता. धुतलेला झब्बा घालून, केसांना पाणी लावून तो गोठ्याच्या दारात आमची वाट बघत उभा होता.

गोठ्यात गाय नव्हती. निळी पिंपं होती. त्यांच्यात काळपट हिरवा रबरबाट बुडबुडत होता. कोपऱ्यात चुलीवर तांब्याचा हंडा, त्याच्या तोंडाला कणकेनं लिंपलेली नळी, ती नळी गार पाण्याच्या बादलीतून वेटोळी घेत खाली बाटलीच्या तोंडाशी आलेली. प्रशिक्षणात आम्हाला भिंतीवर टांगलेलं जे चित्र दाखवलं होतं, ते इथं जिवंत होऊन ठिबकत होतं.

“हे काय आहे?” मी आवाज चढवून विचारलं.

“अल्कोहोल,” मास्तर म्हणाले. हात अजून वरच. “शुद्ध. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेलं. लिहून घ्या. ‘शेवाळापासून’ हा शब्द विसरू नका.”

पुढं सगळी नोकरी झाली, निवृत्त होऊनही जमाना लोटला, पण जबाब स्वतःच तपासून देणारा आरोपी मला पुन्हा भेटला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, वत्सलाबाई, पदराला हात पुसत धावत आल्या. “साहेब, ह्यांचं काही मनावर घेऊ नका हं. खत आहे ते. माडांना घालतो आम्ही.”

“खत नाही, वत्सला!”

“अहो, गप्प बसा ना! खतच आहे, साहेब. माडांना विचारा हवं तर.”

शिंगटे खरोखरच माडांकडे बघायला लागला. तो तसा आज्ञाधारक होता.

माझी अवस्था सांगायला हवी. वर्षभरात माझ्या नावावर एकही केस नव्हती, आणि मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, की आता रिकाम्या हातानं आलास तर बदलीचा कागद घेऊनच जाशील. अशात आदल्या दिवशी कचेरीत निनावी फोन आला. आमच्याकडे निनावी फोन करणारे सहसा शिव्या देतात, नावं घेतात, भाऊबंदकी काढतात. हा माणूस म्हणाला, “आडबंदरला वायंगणकर नावाच्या इसमाच्या गोठ्यात अल्कोहोल तयार होतं. कृपया सकाळच्या गाडीनं यावं. दुपारी ऊन फार असतं.”

मास्तरांनी हात खाली घेतले ते मला गोठा दाखवण्यासाठी. जन्मभर हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, समोर कोणी उभं राहिलं की शिकवायलाच लागायचा. ओहोटीला खडकांवरून शेवाळ काढायचं, विहिरीच्या पाण्यात धुऊन त्याचं मीठ घालवायचं, सौम्य आम्लात उकळायचं म्हणजे त्यातली साखर सुटते, मग निववून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट त्यांनी पावाच्या भट्टीतून आणलं होतं.

“यीस्ट म्हणजे काय, तर जिवंत प्राणी आहेत हे, साहेब. साखर खातात आणि अल्कोहोल देतात. पण शेवाळातली साखर त्यांना आवडत नाही. तोंड फिरवतात. मग मी काय केलं? आधी गुळाच्या पाण्यात थोडं शेवाळ दिलं. मग गूळ कमी, शेवाळ जास्त. पोराला कारलं खायला शिकवतात ना, तसं. आता गुळाचा कणसुद्धा लागत नाही. शाळेत इतकी मुलं शिकवली, पण इतका अभ्यासू वर्ग मला मिळाला नव्हता.” त्यांनी एका पिंपावर मायेनं थाप मारली. पिंप ढेकर दिल्यासारखं वाजलं.

“मास्तर, हा गुन्हा आहे. तुम्हाला अटक होईल.”

“होऊ दे की. कागदावर काय लिहाल? शेवाळाचं अल्कोहोल असंच ना?”

मग वत्सलाबाईंनीच उलगडा केला. गेल्या वर्षी शहरातून तज्ज्ञ मंडळींची एक समिती प्रयोग बघायला आली होती. बाईंनी त्यांना सोलकढी आणि सुरमई वाढली. ती मंडळींनी वाखाणली. मग बाटलीचा वास घेतला आणि एकमेकांकडे बघून हसली. त्यातला एकजण ताटावरून उठता उठता म्हणाला, “मास्तर, शेवाळ यीस्टला पचत नाही. तुम्ही गुपचूप गूळ टाकत असणार.” हे पडवीत बसलेल्या गावानं ऐकलं. त्या दिवसापासून शाळेतली पोरं मास्तरांना ‘गूळमास्तर’ म्हणतात.

“चोर म्हणाले असते तरी चाललं असतं,” मास्तर हळूच म्हणाले. “मला गूळ टाकणारा म्हणाले.”

“आणि म्हणून तुरुंगात जायला निघालेत,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “उद्या नारळी पौर्णिमा. बस्त्यावची होडी ह्या तेलावर खाडीपलीकडे नेऊन परत आणून दाखवणार होते. सगळ्या गावाला आवतण आहे. आणि हे आज बेड्या मागतायत!”

एव्हाना ते आवतण असलेलं गाव आवारात जमलं होतं. पुढं बस्त्याव फर्नांडिस होता. होडीचा मालक, अंगानं आडवा, गळ्यात क्रूस. त्याच्या बाजूला सोमा घाडी. गावातली गाऱ्हाणी देवापुढं घालण्याचा मान त्याचा. मिश्या पांढऱ्या, पण भुवया अजून काळ्याभोर.

आता प्रश्न असा होता, की बाटलीत आहे ते दारू आहे की नाही, हे ठरवायचं कसं? खात्यात त्यासाठी एक काचेचं मोजमाप असतं. आमचं फुटलं होतं आणि नवं मंजुरीत अडकलं होतं. मास्तरांकडे एक होतं, पण आरोपीच्या मापानं आरोपीचा गुन्हा मोजणं नियमात बसत नव्हतं. नमुना तपासायला पाठवला, तर उत्तर यायला पुढली नारळी पौर्णिमा उजाडली असती. वास घ्यावा, तर अख्ख्या आवाराला शेवाळाचा असा वास येत होता की त्यात अत्तराची बाटली फोडली असती तरी कळलं नसतं. राहता राहिली चव. आणि मी माळकरी. दारूबंदी खात्यातला माळकरी म्हणजे मासळी बाजारातला भटजी. माल ओळखायचा, पण जिभेनं नाही.

“शिंगटे, चाखून बघ.”

“साहेब!” शिंगटे दुखावला. “सरकारी नोकर आहे मी. मला चव काय माहीत?”

मी गावाकडे वळलो. “तुमच्यापैकी कोणी सांगेल का, ही दारू आहे का?”

सगळं गाव एकदम माडांकडे बघायला लागलं.

“बस्त्याव, तुम्ही सांगा.”

“दारू?” बस्त्याव निरागसपणे म्हणाला. “ती कशी दिसता, सायबानू?”

“आमी कधी बघूक पण नाय,” मागून एकजण म्हणाला. त्याचे डोळे भल्या सकाळीच तांबडे होते.

“आमच्या आजोबांनी बघितली होती म्हणतत,” दुसऱ्यानं भर घातली.

ज्या गावाच्या वेशीवर उतरल्यापासून माझा पाय रिकाम्या बाटल्यांवर पडत होता, त्या गावात दारूची चव ओळखणारा एकही माणूस नव्हता. ओळखतो म्हटलं की प्याला होता हे आलं, आणि ते ऐकायला साक्षात सरकार समोर उभं. आणि मास्तरांना सोडवायचं तर ही दारू नाही असं म्हणायला हवं. पण ही दारू नाही हे तरी ठामपणे कोण सांगणार? ज्याला दारू ठाऊक आहे तोच. म्हणजे पुन्हा तेच.

“मी सांगतो ना, अल्कोहोल आहे!” मास्तर कळवळून म्हणाले.

“मास्तर, तुमी जरा गप ऱ्हवा,” सगळं गाव म्हणालं.

मग सोमा घाडी पुढं झाला. “सायबानू, खोटा कित्याक बोलाचा? ह्या गावात दारू घेणारो एकच असा.”

मी झटकन खिशातून पेन काढलं. “नाव?”

“राखणदार.”

मी देशावरचा. शिंगट्यानं कानात समजावलं. गावाच्या वेशीवर वडाखाली एक शेंदूर नसलेला धोंडा आहे, तो राखणदार. गावाचा पहारेकरी. त्याला नारळ, विडी आणि दारू लागते. प्रत्येक शुभकार्याला त्याचा मान पोचवावा लागतो.

“त्याका दारू दिली काय घेता. दुसरा काय दिला तर नाकारता,” घाडी म्हणाला. “पिढ्यान्‌पिढ्या घेता, त्याच्याइतकी पारख कोणाक असतली? आणि तुमचो कायदो त्याका लागू नाय. तो न्याय करात.”

मी विचार केला. सबंध गावात दारू पीत असल्याचं उघड कबूल असणारा हा एकच साक्षीदार होता, आणि त्याला अटक होण्याची भीती नव्हती. अशी साक्ष मिळायला कोर्टं तरसतात.

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही,” मास्तर म्हणाले.

“तुमचो नसलो तरी चलात,” घाडी शांतपणे म्हणाला. “त्याचो तुमच्यार असा, मगे झाला.”

उन्हं कलली तेव्हा सगळी वरात वडाखाली गेली. घाडीनं धोंड्यापुढं पान मांडलं, नारळ ठेवला, एका करवंटीत मास्तरांच्या बाटलीतला द्रव ओतला, बाटली बूच मारून शेजारी ठेवली आणि एक विडी पेटवून धोंड्यापाशी टेकवली. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा राखणदारा म्हाराजा! आज मास्तर आणि सरकार असे दोघय तुझ्या दारात इलेत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं.

“एक म्हणता दारू, गावाक काय ता म्हायती नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दारू असात तर गोड मानून घे, नसात तर थयच्या थय नाकार म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या सायबाच्या बदलीचा काय ता एकदा मनावर घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी सगळ्यात मोठा आवाज शिंगट्याचा होता.

घाडीनं विडी उचलली आणि करवंटीवरून ओवाळायला नेली. भप्प असा आवाज झाला. करवंटीतून हातभर निळी ज्योत उठली, घाडीची डावी भुवई घेऊन गेली आणि विझली. करवंटीसुद्धा कोळशासारखी झाली होती.

“बघितलंत!” मास्तर धोतराचा सोगा सावरत नाचायचेच बाकी होते. “पेटलं! ओलं शेवाळ पेटतं का कधी? अल्कोहोल आहे!”

आता माझी पंचाईत झाली. प्रशिक्षणातला एक विसरलेला धडा मला आत्ता आठवला, की काडी लावल्यावर निळी पेटते ती उत्तम दारू. म्हणजे मास्तर आणि मी पहिल्यांदाच एका मताचे झालो होतो, आणि त्या एकमताचा अर्थ मास्तर तुरुंगात. मी शिंगट्याकडे बघितलं. तेवढ्यात घाडीनं भुवईच्या जागेवर हात ठेवून निकाल दिला.

“नाकारल्यान!”

“काय?”

“नाकारल्यान, सायबानू. आजपावत इतक्या जणांनी मान दिलो, त्याने कधी कोणाची करटी पेटवूक नाय. गुमान घेता. आज थुकल्यान. ही दारू नाय!”

“नाय! नाय!” गाव ओरडलं. वत्सलाबाईंनी धोंड्यापुढं लोटांगण घातलं.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग मास्तरांकडे. केस मिळाली नाही तर बदली, हे मला पाठ होतं. पण त्या बाईंच्या समोरून त्यांच्या माणसाला एसटीत बसवून न्यायचं, तेही कंडक्टरच्या देखत, हे माझ्याच्यानं होईना. मी पंचनामा लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला: “सदर द्रव दारू नाही.”

माझं कुठलंही सरकारी वाक्य लोकांनी इतक्या एकाग्रतेनं ऐकलेलं मला आठवत नाही. तांबड्या डोळ्यांचा माणूस म्हणाला, “सायबानू, ता परत एकदा वाचा.” मी वाचलं. लोक समाधानानं माना डोलवत घरी गेले.

मास्तर मात्र वडाच्या मुळावर बसून राहिले. सुटलेला माणूस इतका खचलेला मी पाहिला नव्हता.

“मग आहे काय ते, साहेब?” त्यांनी विचारलं. “समिती म्हणाली गूळ. तुम्ही म्हणता दारू नाही. उद्या पोरं काय म्हणतील?”

वत्सलाबाईंनी त्यांना दंडाला धरून घरी नेलं.

परतीची एसटी गेली होती. मी बस्त्यावच्या पडवीत आडवा झालो आणि सकाळी मास्तरांच्या हाकेनंच जागा झालो. “साहेब! डबा रिकामा आहे!”

होडीसाठी भरून ठेवलेला पत्र्याचा डबा गोठ्यात आडवा पडला होता. आत थेंब नव्हता. आम्ही किनाऱ्यावर धावलो. नारळी पौर्णिमेच्या मुहूर्तावर आडबंदरचा समस्त पुरुषवर्ग होड्यांच्या सावलीत पसरला होता. कोणी गात होता, कोणी वाळूला मिठी मारली होती. बस्त्याव होडीच्या वल्ह्याला घट्ट धरून बसला होता आणि त्याला “मामा” म्हणत होता. शिंगटे त्यांच्यातच, टोपी पोटावर ठेवून.

“शिंगटे! लाज वाटत नाही?”

“साहेब,” शिंगटे डोळे न उघडता म्हणाला, “दारू नाही असं तुम्हीच लिहिलंत. सही आहे तुमची.”

मला वाटलं, आता मास्तर मटकन खाली बसणार. वर्षभराच्या मेहनतीचा डबा एका रात्रीत वाळूवर आडवा पडला होता. पण मास्तर पहिल्या माणसापाशी गेले, त्याची पापणी वर करून आत बघितलं आणि विचारलं, “काय वाटतंय?”

“मास्तर, आभाळ फिरता.”

“अजून?”

“तुमी दोन दिसतास.”

मास्तर त्याच्यावर आणखी वाकले. “चव कशी होती रे? नीट आठवून सांग. गोड होती?”

“गोड?” त्या माणसानं तोंड वाकडं केलं. “खय गोड! खारट लागता. ओहोटीक खडप चाटल्यासारखा.”

“गुळाची चव?”

“गूळ?” शेजारच्यानं मान वर केली. “मास्तर, गुळाची आमका पक्की म्हायती असा. सगळो जन्म तीच घेतलंव. ह्या शेवाळच. एकदम शेवाळ!”

“शेवाळ!” दुसऱ्या होडीखालून कोणीतरी आरोळी दिली. “गूळ म्हणणाऱ्याक हय घेवन या!”

काल ज्या गावाला दारू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, ते आता एकमुखानं, बारकाव्यांसकट साक्ष देत होतं. मास्तर सगळ्यांपाशी गेले आणि सगळ्यांना तेच विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. परत आले तेव्हा त्यांच्या झब्ब्याच्या बाह्या ओल्या होत्या. डोळे पुसायला दुसरं काही जवळ नव्हतं.

“आता होडी नाही चालली तरी चालेल,” ते म्हणाले.

“चलात कशी नाय?” बस्त्याव वल्ह्याचा आधार घेत उठला. “मामा म्हणता, चलतली. तेल खय?”

तेल कुठं होतं? सगळ्या गावात न पिता राहिलेली एकच बाटली होती, ती वडाखाली. राखणदारापुढची बाटली कोणाला उचलायची छाती झाली नव्हती. आम्ही सोमा घाडीकडे गेलो. उरलेल्या एका भुवईनं तो जरा विचारात पडला.

“त्याने काल नाकारल्यान ना? मगे ती त्याची नाय. उचला.”

बस्त्यावनं यंत्राची झडप आदल्या दिवशीच मास्तरांच्या सांगण्यावरून बदलून घेतली होती. बाटली ओतली, दोरी ओढली. यंत्र खोकलं, शिंकलं, आणि अचानक असं गर्जलं की वाळूवरचे साक्षीदार उठून बसले. होडी सुटली. मास्तर पुढच्या टोकाला नाळेवर उभे, मी मध्ये, बस्त्याव सुकाणूला. मागं धुराऐवजी ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास सुटला होता. काठावर वत्सलाबाई नारळ धरून उभ्या होत्या. तो समुद्राला द्यायचा होता, पण त्यांनी हर्षानं तो आमच्या दिशेनं फेकला. थोडक्यात वाचलो.

पलीकडच्या काठाला नाळ टेकवून आम्ही वळलो. आणि परतीच्या वाटेवर, खाडीच्या ऐन मध्यावर, यंत्र एकदा उसासलं आणि थांबलं. बस्त्याव तोवर झोपला होता. मी आणि मास्तर वल्हवत निघालो. मामानं साथ दिली.

“साहेब,” मास्तर धापा टाकत म्हणाले, “एक सांगायचं होतं. कचेरीत फोन मीच केला होता.”

“ठाऊक आहे. सरकारच्या उन्हाची काळजी करणारा खबऱ्या मला दुसरा भेटला नाही.”

काठाला लागलो, तर गाव, जेवढं उभं राहू शकत होतं तेवढं, टाळ्या वाजवत होतं. शाळेतली पोरं ‘शेवाळमास्तर! शेवाळमास्तर!’ म्हणून नाचत होती. मास्तरांना ते पदवीदानासारखं वाटलं.

माझी बदली पुढं व्हायची ती झालीच. पण त्या दिवशी आडबंदरहून निघताना मी सोमा घाडीला बाजूला घेतलं. एक गोष्ट मला खुपत होती.

“काल बाटली वडाखाली ठेवली तेव्हा मी बघितली होती. सकाळी उचलली तेव्हा ती चार बोटं कमी होती. तेवढं असतं तर होडी परत काठाला लागली असती.”

“व्हय?” घाडी म्हणाला. “मगे राखणदारान चव बघितल्यान असतली.”

“म्हणजे त्यानं नाकारलं नव्हतं?”

“आता इचारून काय उपेग, सायबानू? तुमी लिवन दिऊन मोकळे झालास.” तो समजूत घातल्यासारखा माझ्या अगदी जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “देवाचा काय ता देवाक म्हायती.”

त्याच्या तोंडाला ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास येत होता.